मीटरकाकांचं गढूळ पाणी

सकाळचे साडेसात वाजले होते आणि घरात जे जिथे असायला हवं ते तिथे होतं. गॅसवर दुसरा चहा उकळत होता, बाल्कनीत कालचे कपडे वाळून कडक झाले होते, आणि मीटरकाका हातात टॉर्च घेऊन हॉलमधल्या चार फुटी फिशटँकपुढे गुडघ्यांवर बसले होते.

"आजही पाणी गढूळ आहे," ते म्हणाले.

काकूंनी ओट्यापासून मान वळवून पाहिलं. पाणी इतकं स्वच्छ होतं की टँकच्या मागे भिंतीवर लावलेलं कॅलेंडर आरपार दिसत होतं. बुधवार, चौदा तारीख.

"परवाच बदललंत ना?"

"म्हणून तर म्हणतोय. परवा बदललेलं पाणी आज गढूळ, याचा अर्थ काय?"

अर्थ काकूंना पाच महिन्यांपासून माहीत होता. सुरुवातीला एकदा त्या म्हणाल्याही होत्या, "मला तर स्वच्छ दिसतंय." त्यावर काका समजुतीच्या सुरात म्हणाले होते, "तुला बारीक बघायची सवय नाही." त्या दिवशी काकूंनी कानाला खडा लावला. विचारल्याशिवाय सांगायचं नाही. तेव्हापासून टँकला नवा फिल्टर आला, नवा दिवा आला, मग त्याहून मोठा दिवा आला, आणि एक दिवसाआड सहा बादल्या पाणी बाल्कनीत जायला लागलं. मासे होते तसेच होते. बाल्कनीतली झाडं मात्र माजली होती.

काकांनी बादलीकडे हात केला आणि तेवढ्यात दार वाजलं. बेल होती आणि ती चालूही होती. जन्मभर विजेची मीटरं वाचलेल्या माणसाच्या घरात ती बंद पडून चाललं नसतं. तरी दार वाजलं, आणि तेही अगदी खालच्या बाजूला, कुणीतरी बुटाने ठोकावं तसं.

काकूंनी दार उघडलं. बाहेर पलीकडच्या रस्त्यावरचे दातांचे डॉक्टर उभे होते. दोन्ही हातांत एक बादली, बादलीवर ओला टॉवेल.

"काकू, पायाने वाजवलं, माफ करा. काका आहेत ना?"

"या ना. चहा टाकलाच आहे."

"चहा नको. हे तेवढं काकांच्या ताब्यात देतो आणि दवाखाना उघडायला पळतो." त्यांनी बादली टँकसमोर ठेवली. "काका, तुम्ही मला एक नवरा आणि पाच बायका दिल्या होत्या."

"एक नर, पाच माद्या," काकांनी दुरुस्ती केली.

"तेच ते. नवरा महिन्याभरापूर्वी गेला. सुट्टीत फिल्टर बंद राहिला, ती चूक माझी. पण तो गेल्यावर आठ दिवसांत त्यातली एक बायको निळी व्हायला लागली. मग दुसरी. आता तिसरीच्या अंगावर पट्टे आलेत. काका, पाच बायकांतले तीन नवरे निघाले."

काका बादलीकडे सरकले.

"आणि त्या तिघांची रोज मारामारी. माझ्या वेटिंग रूममध्ये! दात काढायला आलेलं माणूस आधीच अर्धमेलं असतं. त्याच्या डोळ्यांसमोर एक मासा दुसऱ्याची शेपटी कुरतडतोय. परवा एक बाई नंबर लागलेला असताना उठून घरी गेल्या."

"म्हणजे तक्रार आहे," काका म्हणाले.

"तक्रार कसली हो, बादली आहे," डॉक्टर म्हणाले. "आतले तिघं ठेवून घ्या. सावकाश तीन खऱ्या बायका द्या. घाई नाही." आणि ते गेलेही.

डॉक्टरांच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली होती. काकांच्या दृष्टीने ती तिसरी तक्रार होती.

एकतीस वर्षं त्यांनी वीज कंपनीत मीटर वाचण्याचं काम केलं. जिन्याखाली, कपाटांच्या मागे, कोळ्यांच्या जाळ्यांत, कुत्र्यांच्या देखरेखीखाली. बरोबरचे लोक दार बंद दिसलं की कोपऱ्यावर चहा प्यायला बसत आणि मागच्या महिन्यावरून हिशेब करून आकडा ठोकून देत. त्याला अंदाजे रीडिंग म्हणत. नियमात बसायचं ते. काकांनी मात्र एकदाही अंदाज लिहिला नाही. दार बंद असलं तर संध्याकाळी पुन्हा जायचे, तेव्हाही बंद असलं तर रविवारी. लग्नानंतरचा पहिला रविवार काकूंनी एका अनोळखी बिल्डिंगच्या जिन्यात बसून काढला होता. तिसऱ्या मजल्यावरचे लोक गावाहून परतण्याची वाट बघत. एकतीस वर्षांत त्यांच्या आकड्यांवर दोनच तक्रारी आल्या आणि दोन्ही वेळा आकडा बरोबर निघाला. निरोपसमारंभात साहेबांनी भाषणात एवढीच एक गोष्ट सांगितली होती. बाकीचं भाषण विजेबद्दल होतं.

मासेही मीटरमुळेच आले. एका घरात मीटर नेमकं फिशटँकच्या मागे होतं. दर महिन्याला काकांना काचेला नाक लावून, पाण्यातून पलीकडचे आकडे वाचावे लागत. त्या पाण्यात आफ्रिकेतल्या एका प्रचंड सरोवरातले मासे होते. बोटाएवढे, हळदीसारखे पिवळे, आणि त्यांत एखादा निळा, काळ्या पट्ट्यांचा. एका महिन्यात काकांनी पाहिलं की एका पिवळ्या मादीने तोंड उघडलं आणि त्यातून पंधरा-वीस पिल्लं बाहेर सांडली. घरातलं कुणी जवळ आलं तशी ती सगळी पुन्हा आईच्या तोंडात शिरली. काका आकडा लिहायचे विसरले. त्यांना तिथे दुसऱ्यांदा जावं लागलं, म्हणजे ही बाब किती गंभीर होती ते काकूंना तेव्हाच कळलं. निवृत्तीच्या दिवशी त्या घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काकांना एका झाकणाच्या डब्यात चार मासे दिले. आता नऊ वर्षांनी घरात तीन टँक होते. एक हॉलमध्ये, एक जेवणाच्या टेबलाच्या शेजारी आणि एक वॉशिंग मशीनवर. त्यामुळे कपडे धुताना तिथल्या माशांना भूकंपाची सवय झाली होती.

या माशांची एक अडचण होती. जन्मतात तेव्हा सगळेच पिवळे. नर मोठा झाला की निळा होतो. पण टँकमध्ये आधीच एक दांडगा निळा फिरत असेल, तर बाकीचे नर मार चुकवण्यासाठी पिवळेच राहतात. वर्षानुवर्षं माद्यांमध्ये मादीसारखे वावरतात. दांडगा गेला की मग रंग काढतात. काकांनी हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा काकूंना लगेच कळलं होतं. त्यांचे धाकटे दीर मोठ्या भावापुढे बावीस वर्षं "हो दादा" याच्यापुढे गेले नव्हते. वेगळं बिऱ्हाड केल्यावर महिन्याभरात सोसायटीचे चेअरमन झाले.

म्हणून रंगावर जाऊन चालत नाही. खरं काय ते एकाच रीतीने कळतं. हात ओले करायचे, मासा जाळीत घेऊन हळूच उताणा करायचा आणि पोटाखाली, शेपटीच्या पंखाच्या अलीकडे बघायचं. तिथे दोन बारीक छिद्रं असतात, टाचणीच्या टोकाएवढी. दोन्ही सारखी असली तर नर. मागचं मोठं असलं तर मादी. चार-पाच सेकंदांत बघून मासा परत पाण्यात. हे काम काका करत आणि त्यात त्यांचा शब्द चाले. फिशटँकचं सामान विकणारा दुकानदार लोकांना सांगे, "मीटरकाकांनी मादी म्हटलं म्हणजे मादी. त्या माशालाही पर्याय नाही."

डॉक्टरांची बादली तशीच समोर होती. काकांनी टॉवेल बाजूला केला. आतले दोन मासे इतके निळे होते की त्यांना उताणं करायची गरजच नव्हती.

"शुक्रवारी बाई येणार," ते म्हणाले.

हेच काकूंच्याही मनात आलं होतं. शहरातल्या सरकारी मत्स्यालयात नवा विभाग उघडत होता आणि तिथल्या प्रमुख बाई शुक्रवारी अकरा वाजता बारा मासे न्यायला येणार होत्या. तीन नर, नऊ माद्या. काकांनी दोन वर्षं पत्रं लिहिली होती, तेव्हा हा दिवस आला होता. मोबदला काही नव्हता. टँकखाली पाटी लागणार होती, "स्थानिक घरात वाढवलेले". काकांचं नावही नव्हतं त्यात. पण त्या पाटीचं पत्र आल्यापासून काका ते पाकीट टेबलावरून उचलून पुन्हा टेबलावर ठेवत होते. त्या बारांत चुकीचे नर गेले तर काही महिन्यांत तिथेही मारामारी होणार, आणि ती शाळेच्या सहलींसमोर.

"पुन्हा तपासतो सगळे," काका म्हणाले आणि उठले.

काकू चहाचे कप धूत होत्या, पण कान हॉलमध्ये होते. जाळी पाण्यात गेल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. मग मासा परत टाकल्याचा आवाज. दिवा हलवल्याचा आवाज. पुन्हा जाळी. "या दिव्यात दम नाही." ड्रॉवर उघडून भिंग काढल्याचा आवाज. पुन्हा जाळी. "हल्ली भिंगंसुद्धा धड बनवत नाहीत." चौथा मासा हातातून निसटून सोफ्याखाली गेला आणि काका तो शोधायला लागले. तो सोफ्याच्या पायाशी उघड्यावर तडफडत होता. काका त्याच्या दोन वीत अलीकडे चाचपत होते.

काकूंनी ओल्या हाताने मासा उचलला, टँकमध्ये सोडला आणि पदराला हात पुसले.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा बाहेर जाऊन आपलं मीटर काय दाखवतंय ते वाचून येता का?"

"आता?"

"आता."

मीटर दाराबाहेरच होतं, डोक्याच्या उंचीवर. काका गेले. नेहमी लागायचा त्याच्या चौपट वेळ लागला. परत आले आणि जुन्या सवयीने एकेक आकडा सुटा सांगितला. "चार, शून्य, सहा, दोन, सात."

काकूंनी भाजीच्या यादीचा कागद घेतला, बाहेर गेल्या, आकडा लिहून घेतला आणि आत येऊन कागद न दाखवता वाचला. "चार, शून्य, सहा, एक, नऊ."

काका खुर्चीवर बसले. मघाशी मासा निसटला तेव्हा त्यांचा शर्ट ओला झाला होता, तो तसाच अंगाला चिकटला होता.

"आठ जास्त सांगितले," ते म्हणाले.

"हो."

"रविवारी वाचलं होतं... म्हणजे रविवारीही..." ते थांबले. "दर दिवसाचे किती होतात त्यावरून सांगितलं."

काकूंनी कागदाची घडी घातली.

"दार बंद असलं तर लोक अंदाज लिहितात," काका म्हणाले. "दार उघडं असताना मी लिहिला."

मग एकेक बाहेर आलं. वर्षभर छिद्रं नीट दिसतच नव्हती. पिवळा, अंगाने लहान, कोपऱ्यात गुमान बसलेला, की लिहायचं मादी. डॉक्टरांचे पाचही तसेच लिहिलेले. दुकानात गेलेलेही. शुक्रवारसाठी वेगळ्या टँकमध्ये काढलेलेही.

"डोळ्यांचं आहे ते," काकू म्हणाल्या.

"असेल," काका म्हणाले. "पाणीही गढूळ आहे, हा भाग वेगळा."

"तो वेगळाच," काकू म्हणाल्या. एका दिवसात माणसाकडून किती कबूल करून घ्यायचं याला काही सुमार असतो.

काकांनी फोन हातात घेतला. मत्स्यालयातल्या बाईंना येऊ नका म्हणून सांगायचं. कारण काय सांगायचं ते ठरत नव्हतं. तीनदा नंबर काढला आणि तीनदा बंद केला. ते घाबरलेत हे काकूंना त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. घाबरले की त्यांची पाठ ताठ होते. मागे एकदा एका बंगल्यात कुत्रा सुटला होता तेव्हाही ते तसेच ताठ पाठीने फाटकापर्यंत चालत आले होते म्हणे, कुत्र्याला कळू नये म्हणून.

"मी बघते ना," काकू म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही धरा. मी बघते. माझे डोळे शाबूत आहेत."

"अगं, ते असं बघून कळत नाही. मला दीड वर्ष लागलं शिकायला."

"तिसऱ्या दगडाच्या मागे असतो ना, कल्ल्याजवळ खूण असलेला पिवळा? तो मादी नाही. तुमचा निळा पलीकडे गेला की तो अंग थरथरवून माद्यांना आपल्या दगडामागे बोलावतो. निळा वळला की लगेच गवत खाल्ल्यासारखं करतो. मी रोज बघते भाजी चिरताना."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. "किती दिवस?"

"सहा-सात महिने झाले असतील."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी?"

काकांनी तो पिवळा पकडला. पाण्यात हात बुडवून, पहिल्या बोटाच्या आणि अंगठ्याच्या मध्ये हलकेच उताणा केला. एवढं त्यांना डोळे मिटूनही जमलं असतं, आणि तसंच चाललं होतं म्हणा. "शेपटीकडे. छोटा पंख आहे ना, त्याच्या अलीकडे. दोन टिंबं."

काकू वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला. "दोन आहेत. सारखीच आहेत."

"नक्की?"

"सुईत दोरा कोण ओवतं या घरात?"

मासा पाण्यात गेला. काकांनी माशांच्या नोंदींच्या वहीकडे हात नेला आणि थांबले. "असं नाही लिहिता येणार," ते म्हणाले. "पद्धत असते."

मग त्यांनी पद्धत सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते जोडीने जायचे. एक वाचणारा, एक लिहिणारा. वाचणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगायचा, लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, वाचणाऱ्याने हो म्हटलं की मगच पेन टेकवायचं. चूक निघाली तर जबाबदारी दोघांची. "तू वाचणारी. मी लिहिणारा."

बुधवारची दुपार आणि गुरुवारचा पूर्ण दिवस असा गेला.

"नर."

"नर?"

"हो."

"मादी."

"मादी?"

"हो म्हटलं की. अहो, तिला गुदमरायला होतंय, सोडा."

मधेच काकू म्हणाल्या, "बाई गं, हिला बघा जरा. पोट खपाटीला गेलंय, गाल मात्र फुगलेत."

काकांचा हात एकदम मऊ झाला. "तिच्या तोंडात अंडी आहेत. तिला नको पकडायला. तीन आठवडे अन्नाला शिवणार नाही ती." आणि वहीत त्या दिवसाची तारीख लिहिली. ही एकच नोंद त्यांनी कुणाला न विचारता केली. फुगलेले गाल त्यांना अजून दिसत होते.

एकोणिसाव्या माशाला अडचण आली. काकू बराच वेळ बघत राहिल्या. "नाही सांगता येत."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. लहान आहे अजून. मला दिसत नाही."

"असं कसं? काहीतरी लिहावं लागेल."

"दिसलं नाही तर काय लिहितात तुमच्यात?"

काका पेन हातात धरून बसले. मीटरच्या छापील फॉर्मवर तसा एक रकाना होता खरा. 'वाचता आलं नाही.' एकतीस वर्षांत त्यांनी तो रिकामाच परत दिला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी पट्टी घेतली, वहीत नर आणि मादी यांच्या शेजारी तिसरी उभी रेघ ओढली आणि वर बारीक अक्षरात तसंच लिहिलं. रेघ थोडी तिरकी गेली. काकूंनी ती तशीच राहू दिली.

गुरुवारी संध्याकाळी चौतीस पिवळे तपासून झाले. एकोणीस माद्या, अकरा नर, चार वाचता आले नाहीत. वहीत आधी चौतीसही माद्या होत्या.

"अकरा," काका म्हणाले.

"अकरा धाकटे दीर," काकू म्हणाल्या आणि गॅस लावायला गेल्या. हॉलमधून हसल्यासारखा एक आवाज आला, पण तो फिल्टरचाही असू शकेल.

शुक्रवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना मत्स्यालयातल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पायांत रबरी बूट. बरोबर थर्मोकोलच्या दोन पेट्या. घरात येताच त्या टँकपुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "किती सुंदर स्वच्छ ठेवलंय हो."

काकांनी हे सौजन्य समजून सोडून दिलं.

तीन नर आणि नऊ माद्या वॉशिंग मशीनवरच्या टँकमध्ये वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. नऊच्या नऊ नव्याने निवडलेल्या. काका ताठ पाठीने उभे राहिले. "बाई, एक सांगायचंय. हे मी तपासलेले नाहीत. माझे डोळे गेलेत. म्हणजे जाताहेत. हिने तपासले, मी लिहिलं. आधी माझ्या चुका झाल्या आहेत, पलीकडच्या डॉक्टरांकडे तीन. तुम्हाला नको असतील तर तसं सांगा."

काकूंच्या हातात चहाचा ट्रे होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना. दोन वर्षांची पत्रं, टेबलावरचं पाकीट, आणि हा माणूस दार उघडल्या उघडल्या सगळं सांगून मोकळा झाला होता.

"वही बघू," बाई म्हणाल्या.

त्यांनी पानं उलटली. तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"दिसलं नाही ते," काकू म्हणाल्या. "लहान आहेत चार. नाही कळलं मला."

बाईंनी बाह्या सरसावल्या, हात ओले केले आणि नऊ माद्यांतल्या दोन उचलल्या. पहिली उताणी केली, बघितली, सोडली. दुसरी उताणी केली, बघितली, सोडली. मग तिसरीही उचलली, बहुधा आता मजा वाटायला लागली म्हणून.

"बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नवीन लागलेली पोरं हा तिसरा रकाना कधी भरतच नाहीत. सगळं येतं त्यांना." आणि फॉर्म काढला. "तपासणाऱ्याचं नाव लिहायचंय."

"दोन लिहा," काका म्हणाले. "एक वाचणारी, एक लिहिणारा."

"एकच जागा आहे हो इथे."

"मग तिचं लिहा."

पेट्या गाडीत ठेवून झाल्या, गाडी वळली, तेव्हा काका रस्त्यावरून परस्पर दातांच्या डॉक्टरांकडे गेले. तीन खऱ्या माद्या पोचवायच्या होत्या. अर्ध्या तासाने परत आले ते हातात एक चिठ्ठी घेऊन. डॉक्टरांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर होते. चिठ्ठीवर पुढच्या आठवड्याची तारीख होती.

"ते म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि चांगला पिकलाय. म्हणाले, एवढे दिवस कळलं कसं नाही तुम्हाला?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, घरात पाण्याचा त्रास आहे."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी दुसऱ्याच दिवशी निघाली, पण दिसायला नीट लागायला काही दिवस लागतील असं सांगितलं होतं. वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, टँकच्या पाण्यात हात घालायचा नाही. काका रोज सकाळी काकूंना म्हणायचे, "तू तरी बदल." काकू म्हणायच्या, "बघते." माशांचं खाणं टाकायच्या, तोंडात अंडी धरलेल्या मादीकडे एक नजर टाकायच्या आणि बादली जिथे होती तिथे राहू द्यायच्या. सहा दिवस सहा बादल्यांना सुट्टी होती. बाल्कनीतली झाडं जरा भानावर आली.

सातव्या दिवशी सकाळी काकू ओट्यापाशी होत्या. काका उठून हॉलमध्ये आले, काळा चष्मा काढला आणि बरा डोळा उघडा ठेवून दुसऱ्यावर तळहात धरला, शाळेतली मुलं तपासणीला धरतात तसा. टँकपुढे उभे राहिले. वाकायचं नव्हतं म्हणून ताठ उभे राहिले.

तोंड फुगलेली मादी दगडाजवळ होती. तिने तोंड उघडलं आणि पिल्लं बाहेर आली, एकेक, नखाएवढी, पिवळी. काका ओठांतल्या ओठांत मोजत होते. अठरा. पिल्लं पसरली, मग घाबरून पुन्हा आत शिरली. काकांनी पुन्हा मोजली. अठरा.

 त्यांनी दगड पाहिले, फिल्टरच्या नळीवरचं शेवाळ पाहिलं, मागची काच पाहिली, काचेच्या पलीकडची भिंत पाहिली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख मोठ्याने वाचली. ती बरोबर होती.

"पाणी कधी बदललंस?" त्यांनी विचारलं.

"नाही बदललं."

"या आठवड्यात एकदाही?"

"एकदाही नाही."

काकांनी टँकखाली उपड्या घातलेल्या सहा बादल्यांकडे पाहिलं. मग नव्या फिल्टरकडे, नव्या दिव्याकडे आणि त्याच्या शेजारच्या त्याहून मोठ्या दिव्याकडे. मग बाल्कनीतल्या झाडांकडे पाहिलं. पाच महिने एक दिवसाआड सहा बादल्या, याचं गणित त्यांच्या चेहऱ्यावर होत असलेलं काकूंना दिसत होतं. त्या कणीक मळल्यासारखं करत राहिल्या. कणीक मळून झाली होती.

काकांनी दुसऱ्या डोळ्यावरचा हात काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"माझी चूक झाली ते डॉक्टरांना सांगितलंय," ते म्हणाले. "बाईंना सांगितलंय. दुकानदारालाही सांगेन. दुसऱ्या डोळ्याचंही करून घेतो, आजच तारीख घेतो. त्याबद्दल कुणाला काय सांगायचं ते सांग, माझी हरकत नाही."

"बरं."

"फक्त पाणी आधीपासून स्वच्छ होतं, एवढं कुणाला सांगू नकोस."